कागदी स्वातंत्र्य

कर देणें कोणालाच गोड वाटत नाहीं. राज्य स्वकीयांचें असो कीं परकीयांचें, सरकारी खजिन्यांत पैसा भरतांना माणसाचा हात थोडासा आखडतोच, आणि त्या वेळीं तो जी कुरकुर करतो ती राज्यकर्तेहि फारशी मनावर घेत नाहींत. परंतु ‘कर देण्याचें जिवावर येतें’ असें म्हणणारा मनुष्य आणि ‘माझ्यावर कर बसूंच शकत नाहीं, व हें मी कायद्याच्याच आधारें सिद्ध करून देतों’ असें म्हणणारा मनुष्य, या दोघांत मोठें अंतर आहे. पहिला फार तर चिकट म्हणावा. दुसऱ्यापाशीं एक अख्खें शास्त्र असतें. या शास्त्राचा मुख्य उगम अमेरिकेंत झाला. तेथून तें कॅनडांत गेलें, आणि त्याच्याशीं नातें सांगणाऱ्या कल्पना ऑस्ट्रेलियांत व जर्मनींतहि आढळतात. त्याच्या नादीं लागून कित्येक साधीं माणसें घरादारास मुकलीं आहेत. म्हणून त्या शास्त्रांत काय सांगितलें आहे, त्यांत खरें किती व खोटें किती, आणि एरव्हीं शहाणीं असणारीं माणसें त्याला कां भुलतात, हें पाहणें उपयुक्त होईल.

अमेरिकेंत या पंथाच्या लोकांस ‘सॉव्हरिन सिटिझन’ म्हणजे ‘सार्वभौम नागरिक’ असें म्हणतात. त्यांची एक संस्था नाहीं, एक गुरु नाहीं कीं एक ग्रंथ नाहीं. बाजारांत निरनिराळ्या दुकानांतून एकच माल वेगवेगळ्या पुड्यांत बांधून विकावा, तसा हा प्रकार आहे. सर्व पुड्यांतील मूळ द्रव्य मात्र एकच असतें: ज्या कायद्याला मनुष्यानें स्वतः सही करून संमति दिली नाहीं तो कायदा त्याला लागू होत नाहीं, आणि ती संमति काढून घेण्याची योग्य रीत ज्याला सांपडली तो राजाप्रमाणें स्वतंत्र झाला. या मूळ द्रव्यापासून चार शाखा फुटतात. पहिली नागरिकत्वाची, दुसरी नांवाची, तिसरी मालमत्तेची आणि चौथी कराची.

नागरिकत्वाच्या शाखेचें मूळ अमेरिकेच्या राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तींत आहे. १८५७ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ड्रेड स्कॉट या गुलामाच्या दाव्यांत असा निर्णय दिला कीं, आफ्रिकी वंशाचा मनुष्य, मग तो गुलाम असो वा मुक्त असो, अमेरिकेचा नागरिक होऊं शकत नाहीं. पुढें यादवी युद्ध झालें, गुलामगिरी नष्ट झाली, आणि हा कलंक धुवून काढण्यासाठीं १८६८ सालीं चौदावी दुरुस्ती संमत झाली. अमेरिकेंत जन्मलेला आणि तिच्या अधिकारक्षेत्राखालीं असलेला प्रत्येक मनुष्य हा संयुक्त संस्थानांचाहि नागरिक आहे आणि आपण राहतो त्या संस्थानाचाहि नागरिक आहे, असा तिचा आशय. पंथाचे लोक यावरून म्हणूं लागले कीं, नागरिकांच्या जाती दोन: एक पूर्वापार चालत आलेला संस्थानाचा सार्वभौम नागरिक, आणि दुसरा या दुरुस्तीनें निर्माण केलेला, कराच्या ओझ्याखालीं दबलेला केंद्रसरकारचा ताबेदार. एक प्रतिज्ञापत्र लिहून दुसऱ्या जातीचा त्याग केला कीं मनुष्य पहिल्या जातींत परत जातो, अशी त्यांची समजूत. वस्तुतः दुरुस्तीच्या एकाच वाक्यांत दोन्ही नागरिकत्वें एकाच माणसाला एकाच वेळीं दिलेलीं आहेत. त्यांतून दोन जाती काढण्यास जागाच नाहीं. परंतु या मताचा पुरस्कार १९७० च्या सुमारास ज्या ‘पॉसी कॉमिटाटस’ नामक गटानें केला, त्याला गोऱ्या वर्णाचें वर्चस्व हवें होतें आणि यहुदी लोकांविषयीं त्याच्या मनांत विष होतें. मुक्त झालेल्या गुलामांना मिळालेलें नागरिकत्व हलक्या प्रतीचें ठरविणें त्याला सोईचें होतें. दैवाची विचित्र गति अशी कीं, पुढें कांहीं कृष्णवर्णी अमेरिकनांनींच या मताचा निराळा अवतार स्वीकारला. ज्या दुरुस्तीनें त्यांच्या पूर्वजांना माणुसकी मिळाली तिलाच पायाखालीं घालणाऱ्या कल्पनेला त्यांनीं मुक्तीचा मार्ग मानलें.

दुसरी शाखा नांवाची. मराठी वाचकाला ती सहज कळणार नाहीं, कारण देवनागरी लिपींत मोठें अक्षर व लहान अक्षर असा भेद नाहीं. रोमन लिपींत प्रत्येक अक्षराचीं दोन रूपें असतात, आणि सरकारी कागदांवर नांव स्पष्ट वाचतां यावें म्हणून तें पुष्कळदां सबंध मोठ्या अक्षरांत छापतात. यापलीकडे त्यांत कांहींहि गूढ नाहीं. पंथाच्या मतें मात्र तें मोठ्या अक्षरांतलें नांव त्या माणसाचें नसतेंच. तें सरकारनें त्याच्या जन्माबरोबर निर्माण केलेल्या एका बुजगावण्याचें नांव असतें. कर, दंड, कर्ज हीं सर्व त्या बुजगावण्यावर बसतात. हाडामांसाचा मनुष्य त्यापासून अलिप्तच असतो. न्यायालयांत नांव पुकारलें असतां ‘तो मी नव्हे’ असें सांगणारे पक्षकार या मताचेच अनुयायी होत.

या बुजगावण्याला एक सोन्याची कथाहि जोडलेली आहे. १९३३ सालीं, जगभर मंदी असतांना, अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं लोकांजवळील सोन्याचीं नाणीं व लगडी सरकारजमा करविल्या आणि त्यांबद्दल औंसास २०.६७ डॉलर या दरानें कागदी चलन दिलें. त्याच वर्षीं जूनमध्यें असा ठराव झाला कीं, ‘कर्ज सोन्यांतच फेडावें’ अशी अट करारांत असली तरी तें चालू चलनांत फेडतां येईल. १९३५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, खासगी करारांपुरता, हा ठराव वैध ठरविला. एवढा इतिहास खरा आहे. यापुढची कथा कल्पित आहे ती अशी: सरकारचें त्या वर्षीं दिवाळें निघालें, सरकारनें आपल्या नागरिकांची भावी कमाई सावकारांकडे गहाण टाकली, प्रत्येक जन्मदाखला हा त्याचा रोखा आहे, आणि प्रत्येकाच्या नांवानें खजिन्यांत एक गुप्त खातें असून त्यांत मोठी रक्कम पडून आहे. ठराविक शब्दांत, ठराविक जागीं सही करून हुंडी काढली कीं या खात्यांतून कोणतेंहि देणें फेडतां येतें, असें शिकविणारे वर्ग १९८० नंतरच्या काळांत निघाले. असें खातें अस्तित्वांतच नसल्यामुळें त्यावर काढलेली हुंडी कधींहि वटली नाहीं. तीं पत्रें लिहिणारे कित्येक जण मात्र फसवणुकीच्या आरोपाखालीं तुरुंगांत गेले.

तिसरी शाखा मालमत्तेची, आणि तिची कथा सर्वांत करुण आहे. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या मध्यभागांतील शेतकऱ्यांना धान्याला चांगला भाव मिळत होता, जमिनीच्या किंमती चढत होत्या, आणि बँका आनंदानें कर्ज देत होत्या. पुढें दशकाच्या अखेरीस व्याजाचे दर एकाएकीं फार वाढले, मालाचा व जमिनीचा भाव घसरला, आणि तीन पिढ्यांच्या शेतांवर जप्तीच्या नोटिसा लागूं लागल्या. अशा वेळीं गांवोगांव कांहीं व्याख्याते येत. ते सांगत कीं, ही जमीन सरकारनें पहिल्या मालकाला ज्या सनदेनें दिली ती सनद सर्वश्रेष्ठ आहे. तीच सनद स्वतःच्या नांवानें लिहून काढून नोंदविली कीं त्यावरील गहाणखत आपोआप रद्द होतें. बुडणाऱ्याला काडीचा आधार, तसा हा आधार पुष्कळांनीं धरला.

या युक्तिवादांतील चूक समजण्यास वकील व्हावें लागत नाहीं. सनद म्हणजे सरकाराकडून पहिल्या मालकाकडे जमीन गेल्याचा पुरावा. पहिल्या मालकानें ती पुढें विकली, वांटून दिली किंवा गहाण टाकली, तर त्या पुढच्या व्यवहारांविषयीं सनद मूक असते. आपल्याकडे एखाद्या इनामदाराच्या वंशजानें वाडा सावकाराकडे गहाण टाकावा आणि मग पणजोबांच्या सनदेची नक्कल दाखवून सावकाराला घालवून देऊं पाहावें, तसेंच हें झालें. १९८५ सालीं शिकागो येथील केंद्रीय अपील न्यायालयापुढें असें प्रकरण आलें. त्यांत कर्जदारांनीं सनद स्वतःच स्वतःला लिहून दिली होती. अशा घरगुती कागदानें कोणताहि हक्क उत्पन्न होत नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. त्या शेतकऱ्यांचें दुःख खरें होतें, आणि खऱ्या कायद्यानें त्याची दखलहि घेतली. १९८६ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें नादारीच्या कायद्यांत बारावें प्रकरण घातलें, आणि शेतकरी कुटुंबाला शेत कसत राहूनच हप्त्याहप्त्यानें कर्ज फेडण्याची सोय करून दिली. ज्यांनीं आपला वेळ, आपली पुंजी आणि न्यायालयांतील आपली पत सनदेच्या नकलांवर खर्च करून टाकली होती, त्यांच्यापैकीं ज्यांचें शेत त्यापूर्वींच गेलें त्यांना या सोईचा काय उपयोग? खोट्या औषधानें रोग बरा होत नाहीं एवढेंच त्याचें पाप नसतें. खऱ्या औषधाची वेळ टळून जाते, हें मोठें पाप असतें.

चौथी शाखा प्रत्यक्ष कराची. १८९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या वेळचा प्राप्तीवरील कर घटनाविरुद्ध ठरविला होता. म्हणून १९०९ सालीं सोळाव्या दुरुस्तीची सूचना पुढें आली आणि १९१३ सालीं ती अंमलांत आली. तेव्हां संस्थानें ४८ होतीं व ३६ संस्थानांची मान्यता अवश्य होती. मान्यतेचे ठराव हातानें उतरून व टंकून पाठविले जात, त्यामुळें कांहींत विरामचिन्हांचे, कांहींत अक्षरांचे फरक राहून गेले. या फरकांवरून दुरुस्ती मंजूरच झाली नाहीं असा शोध कांहीं लोकांनीं लाविला. १९८६ सालीं शिकागोच्याच न्यायालयानें त्याला उत्तर दिलें: हे फरक १९१३ सालीं परराष्ट्रमंत्री नॉक्स यांना ठाऊक होते, त्यांचा विचार करूनच त्यांनीं दुरुस्ती मंजूर झाल्याचें जाहीर केलें, आणि इतक्या वर्षांनंतर तो प्रश्न उकरून काढतां येणार नाहीं. ‘मजुरी ही श्रमाची केवळ अदलाबदल आहे, ती प्राप्ति नव्हे’ हा दुसरा युक्तिवाद; आणि ‘कर ऐच्छिक आहे असें सरकारच म्हणतें’ हा तिसरा. या ‘ऐच्छिक’ शब्दाचा अर्थ इतकाच कीं, आपल्या कराचा हिशेब नागरिकानें प्रथम आपण होऊन करावा. हिशेब मांडण्याचें काम त्याच्यावर सोंपविलें, म्हणून रक्कम भरणें त्याच्या मर्जीवर सोडलें असें होत नाहीं.

या बाबतींत १९९१ चा एक निकाल उद्बोधक आहे. एका वैमानिकानें अशा व्याख्यानांस जाऊन कर भरण्याचें थांबविलें होतें. सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, कराचा कायदा गुंतागुंतीचा असल्यामुळें, आपल्यावर तो लागूच नाहीं असें एखाद्याला प्रामाणिकपणें वाटलें असेल, तर तो जाणूनबुजून गुन्हा करीत होता कीं काय हें ज्यूरीनें तपासावें. मात्र कायदा ठाऊक असूनहि तो घटनाविरुद्ध आहे असें स्वतःच ठरवून मोडणें, हा बचाव होऊं शकत नाहीं. पुन्हां खटला चालला आणि ज्यूरीनें त्याला दोषी ठरविलें. न्यायालयें या लोकांचें म्हणणें ऐकूनच घेत नाहींत, ही तक्रार खरी नाहीं हें यावरून दिसेल. त्यांचें म्हणणें ऐकलें गेलें, तोललें गेलें, आणि हलकें भरलें. आतां तर अशा निरर्थक विवरणपत्राला ५,००० डॉलर दंड आहे, आणि कर-न्यायालयांत असे मुद्दे मांडून वेळ दवडणाऱ्यास २५,००० डॉलरपर्यंत दंड होऊं शकतो.

कॅनडांतील अल्बर्टा प्रांताचे न्यायाधीश रूक यांनीं २०१२ सालीं एका घटस्फोटाच्या दाव्याच्या निमित्तानें या सर्व मतांची पद्धतशीर चिकित्सा केली. त्यांच्या निकालपत्रांत सातशेंहून अधिक परिच्छेद आहेत. हीं मतें पिकविणारे व विकणारे थोडे, आणि विकत घेऊन बुडणारे पुष्कळ, हें त्यांनीं स्पष्ट दाखविलें, आणि गिऱ्हाइकांना दोन प्रश्न विचारावयास सांगितले: अगणित संपत्तीची किल्ली या गुरूंच्या हातीं आहे तर ते स्वतः श्रीमंत कां दिसत नाहींत? आणि आपल्या ज्ञानाविषयीं त्यांना एवढी खात्री आहे तर ते स्वतः न्यायालयांत जाऊन तें सिद्ध कां करीत नाहींत? शंभर पुस्तकें वाचूनहि न सुटणारा भ्रम या दोन प्रश्नांनीं सुटण्यासारखा आहे.

जर्मनींत या विचाराला निराळें वळण लागलें. तेथें ‘राइख्सब्युर्गर’ म्हणविणारे लोक म्हणतात कीं, जुनें जर्मन साम्राज्य अद्याप जिवंत आहे आणि आजचें संघराज्य ही केवळ एक व्यापारी कंपनी आहे. पुरावा म्हणून ते १९७३ चा तेथील घटना-न्यायालयाचा एक निकाल दाखवितात. त्यांत, जर्मन राइख हें राष्ट्र कायद्याच्या दृष्टीनें नष्ट झालेलें नाहीं, असें म्हटलें आहे खरें. पण आजचें संघराज्य हें त्याच राष्ट्राचें चालू रूप होय, असेंहि तेथेंच म्हटलें आहे. अर्धा श्लोक म्हणून उरलेला गिळावा, त्यांतला हा प्रकार. २०२२ च्या डिसेंबरांत तेथील पोलिसांनीं देशभर धाडी घालून, राज्य उलथून पाडण्याचा कट केल्याच्या आरोपावरून या मताच्या कित्येकांना अटक केली.

ऑस्ट्रेलियांतील उदाहरण त्या मानानें सौम्य आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियांत लिओनार्ड कॅस्ली नांवाच्या शेतकऱ्यानें, गव्हाच्या विक्रीवर सरकारनें घातलेल्या मर्यादेमुळें चिडून, १९७० सालीं आपलें सुमारें ७५ चौरस किलोमीटरचें शेत हें स्वतंत्र राज्य असल्याचें जाहीर केलें आणि स्वतः राजपुत्र झाला. त्यानें पोस्टाचीं तिकिटें काढलीं, नाणीं पाडलीं. प्रवासी हौसेनें हें राज्य पाहावयास येत. सत्तेचाळीस वर्षांनीं, २०१७ सालीं, न्यायालयानें त्याला सुमारें २७ लक्ष डॉलरांचा थकलेला कर भरण्याचा हुकूम दिला. २०१९ सालीं तो वारला, आणि २०२० सालीं त्याच्या वारसांनीं राज्य विसर्जित करून कर फेडण्यासाठीं जमीन विकण्याचें ठरविलें.

सगळ्याच कथांचा शेवट असा शांतपणें होत नाहीं. पॉसी कॉमिटाटसच्या मताचा गॉर्डन काल हा शेतकरी कर न भरल्याबद्दल एकदां तुरुंगांत जाऊन आला होता. १९८३ च्या फेब्रुवारींत, नॉर्थ डकोटामधील मेडिना गांवाजवळ त्याला पकडावयास गेलेले दोन केंद्रीय अधिकारी गोळीबारांत ठार झाले. जूनमध्यें आर्कन्सा संस्थानांत तो स्वतः मेला आणि त्या चकमकींत तेथील शेरीफहि मेला. इतर पुष्कळ अनुयायी बंदुकीऐवजीं कागद वापरतात. न्यायाधीशाच्या किंवा कर-अधिकाऱ्याच्या घरावर खोटा बोजा नोंदवावयाचा, म्हणजे त्याला घर विकतां येऊं नये, अशी त्यांची रीत. हा उपद्रव इतका वाढला कीं, केंद्रीय अधिकाऱ्यांविरुद्ध असा खोटा बोजा नोंदविणें हा २००८ पासून दहा वर्षांपर्यंत कैदेस पात्र असा गुन्हा झाला.

आतां कोणी विचारील कीं, अन्यायी कर नाकारणें हें पुण्यकर्मच नव्हे काय? अमेरिकेच्याच थोरो यानें गुलामगिरी व मेक्सिकोवरील युद्ध यांच्या निषेधार्थ कर नाकारला आणि १८४६ सालीं एक रात्र तुरुंगांत काढली. आपल्या जुन्या मुंबई इलाख्यांत, १९२८ सालीं, बार्डोलीच्या शेतकऱ्यांनीं वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखालीं वाढीव शेतसारा भरण्याचें नाकारलें. पण या दोन्ही प्रसंगांत कोणीहि ‘आम्ही बुजगावणें आहों’ असें म्हणून हात झटकले नाहींत. हा कायदा आम्हांस लागू आहे, तो आम्हांस अन्यायाचा वाटतो, आम्ही तो उघडपणें मोडतों, आणि त्याची शिक्षा भोगण्यास सिद्ध आहों, ही त्यांची भूमिका होती. बार्डोलीकरांचीं गुरेंढोरें जप्त झालीं, जमिनी खालसा झाल्या. तरी त्यांची मागणी एवढीच होती कीं, आकारणीची निःपक्षपातीपणें चौकशी व्हावी. ती चौकशी झाली आणि २२ टक्क्यांची वाढ सुमारें ६ टक्क्यांवर आली. सत्याग्रही हा कायद्याला विवेकापुढें उभा करतो. सार्वभौम नागरिक हा शब्दांच्या आड लपतो. एकाच्या त्यागानें शेजाऱ्याचाहि सारा कमी होतो. दुसऱ्याची युक्ति यशस्वी झालीच, तर त्याच्या वांट्याचा रस्ता, शाळा आणि दवाखाना शेजाऱ्याच्या पैशानें चालणार.

मग शहाणीं माणसें भुलतात कशानें? प्रत्येक कथेंत सत्याचा एक कण असतो: १९३३ चें सोनें, १९१३ च्या ठरावांतील चुका, १९७३ च्या निकालांतलें अर्धें वाक्य. त्या कणाभोंवतीं लॅटिन शब्द, लाल शाईच्या सह्या, अंगठ्याचे ठसे आणि मोहोरा यांचें वेष्टन असतें. कायद्याची भाषा सामान्य मनुष्याला मंत्रासारखी दुर्बोध वाटते. त्यामुळें योग्य मंत्र सांपडला कीं देवता प्रसन्न होईल, असेंहि त्याला सहज वाटतें. आणि हें सर्व त्याच्यापुढें येतें तें तो कर्जानें, नोटिसांनीं व अपमानानें टेकीस आलेला असतांना. त्या वेळीं त्याच्याशीं गोड बोलणारा मनुष्य बहुधा हे कागद विकणाराच असतो.

तेव्हां अशा माणसाची केवळ थट्टा करून भागणार नाहीं. त्याच्या शेजाऱ्यानें, नातलगानें त्याच्यापाशीं बसून तीन साध्या गोष्टी पाहाव्या. ही युक्ति कोणत्या न्यायालयानें, कोणत्या सालीं, कोणाच्या बाजूनें मान्य केली, याचा निकाल मागावा. ती शिकविणारा तिच्यावर स्वतः काय पणाला लावतो हें विचारावें. आणि नोटिशींत उत्तर देण्याची जी मुदत लिहिली असेल ती संपण्यापूर्वीं, सनदी वकिलाकडे किंवा निदान त्याच कचेरींत जाऊन हप्ते, सूट, तडजोड यांची चौकशी करावी. कायद्यानें खरोखर दिलेल्या सवलती लहान असतात, नीरस असतात, आणि त्यांसाठीं रांगेंत उभें राहावें लागतें. पण जप्तीच्या दिवशीं घराचें दार उघडें राहतें तें त्यांच्यामुळेंच.